पोट आत न ओढता

मित्रांनो, मी एक जुनी डमी आहे. शिवणाच्या दुकानात खिडकीपाशी उभी असते ना, ती. मानेपासून मांड्यांपर्यंत बाई आणि त्याखाली एक लोखंडी दांडा आणि तीन पाय. हात नाहीत. डोक्याच्या जागी लाकडाचा एक गोल गड्डा आहे, त्यावर ताई त्यांचा टेप लटकवतात.

डोकं नसताना मी विचार कसा करते, असं तुम्ही विचाराल. रास्त प्रश्न आहे. मी स्वतः त्यावर पुष्कळ विचार केला, पण उत्तर मिळालं नाही. मात्र चाळीस वर्षं दुकानात उभं राहून एवढं कळलं की डोकं असणं आणि विचार करणं यांचा फारसा संबंध नसतो. चांगली मोठमोठी डोकी असलेली माणसं आमच्याकडे आली, पाठीला चार बटणं लावून घेऊन गेली, आणि मग घरी जाऊन त्यांना कळलं की आपला हात तिथवर पोचत नाही.

तुम्हाला शाळेत 'मी कोण?' असा निबंध लिहायला सांगतात. तुम्ही नाव, इयत्ता आणि आवडता रंग लिहून खेळायला पळता. मला नाव नाही, इयत्ता नाही, आणि रंग मळखाऊ. त्यामुळे मला तो प्रश्न खरोखरच सोडवायला बसावं लागलं. म्हणजे उभं राहावं लागलं. मला बसता येत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यावर खळ लावलेल्या कागदांचे थर द्यायचे, ते वाळले की वरून जाड कापडाचं कातडं ओढायचं आणि पाठीत शिवून टाकायचं, अशी आमची कृती. एका साच्यातून आम्ही साठजणी निघालो. प्रत्येकीच्या मानेवर मापाचा एकच आकडा छापलेला. आता मला सांगा, आपल्यासारख्याच साठजणींच्या रांगेत उभं केल्यावर 'यातली मी कोणती?' हे कसं ओळखायचं? शेवटी तपासनीस आला. प्रत्येकीला हात लावून तो 'उत्तम, उत्तम' म्हणत पुढे सरकत होता. माझा दांडा बसवताना कामगाराला शिंक आली होती आणि त्यामुळे मी अर्धं बोट डावीकडे कललेली होते. तपासनिसाने एक डोळा बारीक केला, मला एक चापट मारली आणि म्हणाला, "चालेल."

माझ्याबद्दल कोणी उच्चारलेला हा पहिला शब्द. सुरुवातीला वाईट वाटलं. मग लक्षात आलं की 'उत्तम' एकोणसाठ आहेत आणि 'चालेल' मी एकटीच आहे. म्हणजे मी जी काही आहे ती त्या अर्ध्या बोटात आहे. बाकी सगळा साचा.

मला ताईंनी आणलं तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी दुकान थाटलं. दोन मशिनं, बेतायचं लांब टेबल, कोपऱ्यात इस्त्री, ट्रायलसाठी एक पडदा आणि पडद्याआड उंच आरसा. काज, बटणं आणि तुरपाई ताईंची धाकटी बहीण करायची, अजूनही करते. तिला सगळे धाकटीच म्हणतात. ती आता छप्पन्न वर्षांची आहे. धाकटेपण वयाने जात नाही, ते आडनावासारखं चिकटतं.

आमच्या दुकानाची एक पद्धत होती. गिऱ्हाईक आलं की त्याचं माप घ्यायचं, आणि त्या मापाप्रमाणे माझ्या अंगावर भर घालायची. कापूस, फडक्यांच्या पट्ट्या, वर टाके. ग्रंथालयातल्या बाईंची पाठ गोल, तर माझ्या पाठीवर कापूस. पोस्टातल्या बाई जन्मभर एकाच खांद्याला झोळी लावून फिरल्या, तर माझा एक खांदा वर. कोपऱ्यावरच्या बेकरीवालीचं पोट पुढे, तर माझंही पुढे. गिऱ्हाईक घरी गेलं तरी त्याचं शरीर आमच्याकडे मुक्कामाला राहायचं, आणि ताई त्यावर निवांत टाचण्या लावायच्या.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? विशेष असं की मला त्या त्या बाईसारखं वाटायला लागायचं. पोस्टातल्या बाईंचा खांदा चढला की दुपारी चारनंतर मला उगाच घरी जावंसं वाटे. मला घर नाही, तरीही. ग्रंथालयातल्या बाईंची पाठ आली की रस्त्यावर मोठ्याने बोलणाऱ्यांचा राग येई. बेकरीवालीचं पोट आलं की कारण नसताना हसू फुटे. आणि मग काम संपलं की ताई सगळे टाके उसवायच्या, कापूस काढायच्या, माझ्या पाठीवर थाप मारायच्या आणि म्हणायच्या, "झालीस मोकळी."

पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत मी मोकळी उभी राही. तेव्हा मला प्रश्न पडे. मघाशी हसत होती ती बेकरीवाली होती की मी? ती असेल, तर आता हे कोण विचारतंय? आणि मी असेन, तर हसू कापसाबरोबर का गेलं?

असल्या प्रश्नांवर ताईंचा विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास टेपवर होता. "माप खोटं बोलत नाही, माणूस बोलतं," असं त्या म्हणत, आणि ते खरंही होतं. टेप कमरेला लागला की जगातली एकूण एक बाई पोट आत ओढते. डॉक्टरीणबाई ओढत, त्यांना तपासायला आलेल्या मोठ्या डॉक्टरीणबाईही ओढत. ताई टेप सैल धरून सहज विचारत, "सकाळी काय खाल्लंत?" बाई उत्तर द्यायला तोंड उघडे, श्वास सुटे, पोट आपल्या जागी येई, आणि ताई आकडा टिपून घेत. हे त्यांचं धंद्यातलं गुपित होतं. धाकटीला आणि मला सोडून कोणाला माहीत नव्हतं. आता तुम्हालाही कळलं, पण तुम्ही कुठे सांगणार नाही.

या दोघी बहिणींचा एक खेळ होता. नव्या गिऱ्हाइकाचं माप कधीकधी धाकटी घेई आणि माझ्यावर भर घालून ठेवी. ताई चिठ्ठीवरचं नाव वाचत नसत. माझ्याभोवती एक फेरी मारून सांगत, "ही सायकल चालवते. डावखुरी आहे. नवऱ्यापेक्षा उंच आहे आणि ते लपवायला वाकून चालते. ती नव्या नर्सची थोरली बहीण." धाकटी चिठ्ठी उलटी करी, आणि नाव तेच निघे. चाळीस वर्षांत ताई एकदाही हरल्या नाहीत. शरीरावरून माणूस ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

फक्त एका शरीराच्या बाबतीत जरा गडबड होती.

मापांच्या वहीत पहिल्याच पानावर, पहिल्याच ओळीत, नावाच्या जागी 'मी' असं लिहिलं होतं आणि पुढे अकरा आकडे. ताईंनी दुकान उघडलं त्या दिवशी हात बसावा म्हणून स्वतःचंच माप घेतलं होतं. तेव्हापासून स्वतःचे कपडे त्या त्याच आकड्यांवर बेतत आल्या होत्या. कपडा काखेत काचला की म्हणत, "कापड आटलं." बटण लागेना की म्हणत, "हल्ली पाण्यात काहीतरी असतं." एकदा तर उभ्या उभ्या पाठीची शिवण उसवली, तेव्हा त्यांनी दोऱ्याच्या कंपनीला पत्र लिहिलं. आरसा होता, पण आरशासमोर त्या नेहमी गिऱ्हाइकाच्या मागे, तोंडात टाचण्या धरून उभ्या असत. आरशात त्यांना फक्त गिऱ्हाईक दिसे.

त्यांना मनापासून मानवणारी एकच गोष्ट होती. करड्या लोकरीचा एक जुना स्वेटर. विणलेला असल्यामुळे त्याला वहीतलं माप माहीत नव्हतं, तो ताईंबरोबर वाढत गेला होता. सकाळी तो घालूनच त्या दुकानात येत, इस्त्री तापून खोली उबदार झाली की काढत आणि माझ्या अंगावर फेकत. माझ्यावर तो फार वाईट दिसे. पाठीत रिकामा फुगवटा, उजवा खांदा खाली घसरलेला, पुढून पोकळ झोळ. इतकी वर्षं मी समजत होते की तो स्वेटरच वेडावाकडा विणलाय.

तर एके दिवशी पत्र आलं. शिवणकाम करणाऱ्यांच्या संघटनेने ताईंचा सत्कार करायचं ठरवलं होतं. गावातला मोठा हॉल, व्यासपीठ, चौकटीतलं प्रशस्तिपत्र, आणि शेवटी ताईंनी दोन शब्द बोलायचे. ताईंनी पत्र दोनदा वाचलं, "यांना दुसरं कोणी मिळालं नसेल," असं म्हणाल्या आणि आतल्या खोलीतून पेटी ओढत घेऊन आल्या.

पेटीत कापड होतं. बाटलीसारखं गडद हिरवं लोकरीचं कापड, सव्वादोन मीटर. त्यांच्या आईने जाण्याआधी दिलेलं. ते विणणारी गिरणी केव्हाच बंद पडली होती. आईने सांगितलं होतं, "तुझ्या प्रसंगाला कोट शिव." पण ताईंना प्रसंगच पटत नव्हते. धाकटीच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा म्हणाल्या, हा तिचा प्रसंग. दुकानाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा म्हणाल्या, हा दुकानाचा प्रसंग. सत्कार मात्र दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घालता येईना.

"शुक्रवारी बेतते," ताई म्हणाल्या.

"माप घेऊ?" धाकटीने विचारलं.

"कोणाचं?"

"तुझंच की."

"माझं माप मला पाठ आहे."

"ताई, पण ते माप जरा..."

"काय जरा?"

"काही नाही. जरा सुंदर अक्षरात लिहिलंय, असं म्हणत होते."

ताई बटणं आणायला बाहेर पडल्या आणि धाकटी माझ्याकडे वळली. तिला मोकळं बोलायला मीच होते. "सव्वादोन मीटर आहे गं," ती म्हणाली. "एकदा कात्री चालली की संपलं. त्या आकड्यांवर कापलं तर कोट हिच्या अर्ध्या अंगालाही येणार नाही, आणि कापड परत जोडता येत नाही. तोंडावर सांगावं, तर मुद्दाम त्याच मापाने कापेल. आईच्या कापडाचा तिला रुमाल करू देऊ का मी?"

मी काही बोलले नाही. मला तोंड नाही. पण मला वाटतं, तिला माझं म्हणणं कळलं, कारण ती बराच वेळ माझ्या अंगावरच्या टाक्यांच्या भोकांकडे बघत राहिली आणि मग एकदम म्हणाली, "अगं बाई!"

पुढचे चार दिवस धाकटीने जे केलं त्याला सरळ भाषेत चोरी म्हणतात. सोमवारी तिने ताईंच्या पाठीला मलम चोळून दिलं आणि वितीने खांदे मोजले. मंगळवारी ताईंच्या एप्रनची दोरी घेतली. रोज एकाच जागी गाठ बसून दोरीवर खूण पडली होती, त्यावरून कंबर निघाली. बुधवारी "मानेला दोरा चिकटलाय" म्हणून तिने तीन वेळा दोरा काढला आणि तिन्ही वेळा तो जरा लांबच निघाला. छाती आणि पोट राहिलं. गुरुवारी सकाळी तिने "अभिनंदन हं ताई!" म्हणत ताईंना घट्ट मिठी मारली. पंजात टेप होता. ताई इतक्या दचकल्या की त्यांनी श्वास रोखला. धाकटीने मिठी न सोडता त्यांच्या खांद्यावरून विचारलं, "सकाळी काय खाल्लंस गं?"

"पाव खाल्ला," ताई म्हणाल्या. श्वास सुटला. मला टेप सरकल्याचा आवाज ऐकू आला.

गुरुवारी संध्याकाळी ताईंनी हिरवं कापड टेबलावर पसरलं, वही उघडून जुन्या मापाच्या खडूच्या रेघा मारल्या आणि कात्री बाजूला ठेवली. "रात्रभर पडू दे तसंच. सकाळी कापते," म्हणाल्या. धाकटी त्या रेघांकडे अशी बघत होती, जशी माणसं पुराचं पाणी पायरीला लागलं की बघतात.

शुक्रवारी सकाळी ताई उठायच्या आधी ती दुकानात आली आणि तिने माझ्या अंगावर भर घालायला घेतली. पाठीवर कापूस, मानेमागे एक जाड पट्टी, पोटाला तीन थर, डावा खांदा भरून वर, म्हणजे उजवा आपोआप खाली. तिचा हात चालत होता आणि मी ताई होत होते.

मित्रांनो, मी ताईंना चाळीस वर्षं रोज बघत होते. मला खात्री होती की त्यांच्या आत नुसते हुकूम भरलेले असणार. पण आधी उजव्या खांद्यात कात्रीचं वजन आलं. मग पाठीत अख्ख्या गावाचे कपडे आले. मग मानेत थोडी भीती आली, मी उगाच 'नाही' म्हणून तिला लांब ठेवत होते. आणि या सगळ्याच्या आत, अगदी दांड्यापाशी, कोणीतरी उभं होतं. तरुण, जरासं कललेलं, भोवती काय काय गुंडाळलं जातंय ते गुपचूप बघणारं. मला ते ओळखीचं वाटलं. मग आठवलं, पोस्टातल्या बाईंच्या आतही ते होतं, बेकरीवालीच्या हसण्यामागेही होतं. दर वेळी मी ते माझंच समजत आले होते. ते त्यांचं होतं, माझं होतं, की सगळ्यांना एकच पुरतं? मला ठरवता आलं नाही. डोकं नसण्याचे तोटेही असतात.

ताई आल्या. अंगात स्वेटर, हातात चहा. मला पाहून थांबल्या.

"हे कोण?"

"ओळख," धाकटी म्हणाली. ती सुईत दोरा ओवत होती आणि दोरा काही जात नव्हता.

ताईंनी चहा ठेवला. कापडाकडे पाठ करून माझ्याभोवती फेरी मारली.

"नवी आहे. टेबलावर वाकून काम करणारी. उजव्या हाताने रोज काहीतरी जड उचलते. खाटीक आहे का?"

"नाही."

"मान बघ कशी आहे. समोरच्याने तोंड उघडायच्या आत हिचं 'नाही' म्हणून झालेलं असणार. घरात कोणाचं चालू देत नसेल."

"तसं... थोडंफार."

"खडूस आहे गं. अशा बायका खाली बसताना 'आई गं' म्हणतात आणि मग कोणी ऐकलं का ते बघतात." ताई अजून एक फेरी मारून पुढे आल्या आणि त्यांचा आवाज जरा उतरला. "पण खांदे बघ. कसे पुढे ओढले गेलेत. वर्षानुवर्षं घट्ट कपड्यात राहून माणूस असं आक्रसतं. हिला कधी कोणी मापाचं शिवून दिलेलं नाही. बिचारी."

धाकटीने सुई खाली ठेवली.

"कोण आहे?" ताईंनी विचारलं. "हरले बाई मी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. ही माझ्या ओळखीतली नाही."

"मग करायचं का हिचं काम?"

"करायचं म्हणजे काय, मीच करणार. काखेतला मुंढा सैल ठेवते. पाठीत एक चुणी देते, हिला हात वर करता आला पाहिजे. आणि कॉलर अशी, की मान लपणार नाही पण टोचणारही नाही." बोलता बोलता त्यांनी कागदावर कोटाचं चित्र काढलंसुद्धा. इतक्या प्रेमाने त्यांना काही काढताना मी कधी पाहिलं नव्हतं. इस्त्री तापली होती. ताईंना उकडायला लागलं. त्यांनी कागदावरची नजर न काढता स्वेटर उतरवला आणि रोजच्यासारखा माझ्या अंगावर फेकला.

स्वेटर माझ्यावर पडला आणि बसला.

पाठीचा फुगवटा पाठीवर गेला. घसरलेल्या खांद्याला त्याचा खांदा मिळाला. पुढचा झोळ भरला. एकही सुरकुती राहिली नाही. इतकी वर्षं ज्याला मी वेडावाकडा म्हणत आले, तो स्वेटर जगात एकाच शरीराला बरोबर होता, आणि ते शरीर त्या क्षणी माझ्यावर होतं.

ताईंनी मान वर केली. इस्त्रीखालचा फडका करपल्याचा वास आला, पण कोणी हललं नाही. मग त्या पुढे आल्या आणि स्वेटरचं वरचं बटण लावलं. मग दुसरं. शेवटपर्यंत सगळी लावली. सगळी लागली.

"मी हिला खाटीक म्हणाले," ताई म्हणाल्या.

"नुसतं विचारलंस."

"खडूस म्हणाले."

"ते मशीनच्या आवाजात ऐकू नाही आलं."

"मशीन बंद आहे."

"हो. बंदच आहे."

ताईंनी स्टूल ओढलं. बसताना त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं, आणि त्यांनी पटकन वर पाहिलं, कोणी ऐकलं का ते. धाकटीने तोंडात पदर कोंबावा तसा फडका कोंबला, पण उपयोग झाला नाही. आधी ती हसली, मग ताई हसल्या, आणि मग दोघी डोळे पुसत इतका वेळ हसल्या की कोपऱ्यावरची बेकरीवाली काय झालं म्हणून दारात येऊन उभी राहिली आणि काही न कळताच तीही हसायला लागली. माझ्या पोटातले तीन थर हलत होते. मीही हसले असणार.

"माप कधी घेतलंस?" बेकरीवाली गेल्यावर ताईंनी विचारलं.

"काल मिठी मारली ना."

"तरी म्हटलं, तुला एकदम प्रेम कुठून फुटलं."

"प्रेमही होतं. दोन्ही कामं एकदम उरकली."

"पोट ओढलं होतं मी आत?"

"सकाळी काय खाल्लंस, असं विचारलं होतं मी."

"चोरटी," ताई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

मग त्यांनी वही उघडली. पहिल्या ओळीतल्या 'मी'वर काट मारायला पेन्सिल टेकवली, आणि उचलली. "असू दे. तीही मीच होते. तिचे कपडे तिला बरोबर बसायचे." जुन्या ओळीच्या खाली, जरा दाटीवाटीने, त्यांनी पुन्हा 'मी' लिहिलं आणि नवे अकरा आकडे. ब्रशने हिरव्या कापडावरचा खडू झाडला, नव्या रेघा मारल्या आणि कात्री हातात घेतली. पहिल्या कापाआधी कात्री जराशी थांबली. मग जी चालली ती सरळ शेवटपर्यंत. कापड पुरलं. बोटभर पट्टी उरली, तिचा लूप करून धाकटीने कॉलरच्या आत लावला, कोट टांगायला.

तो कोट पहिल्यांदा मी घातला. माझी तक्रार नव्हती.

सत्काराला मी गेले नाही, मला कोणी नेत नाही. पण धाकटीने परत आल्यावर सगळं सांगितलं. ताईंनी शेवटच्या रांगेतल्या पोस्टातल्या बाईंना हात वर करून खूण केली, आणि हात पूर्ण वर गेला. दोन शब्द बोला म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली. गेल्या आठवड्यात एका नव्या बाईंची ओळख झाली. आधी वाटलं खाटीक आहेत. पण बऱ्या आहेत." कोणाला काही कळलं नाही. टाळ्या मात्र खूप पडल्या. टाळ्यांचं आणि कळण्याचं तसं कधीच फारसं पटत नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंनी माझ्या अंगावरची भर काढायला घेतली. टाके उसवले, कापूस काढला, पाठीवर थाप मारली. "झालीस..." म्हणाल्या आणि थांबल्या. माझ्या मानेकडे वाकून पाहिलं. मानेवरचा छापलेला आकडा कधीच पुसून गेला होता. तो त्यांना पाठ होता, त्यामुळे त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

त्यांनी गड्ड्यावरचा टेप काढला आणि माझं माप घेतलं. माझं. कापसाचं नाही, गिऱ्हाइकाचं नाही.

"धाकटे, इकडे ये. हिची कंबर दीड बोट आत गेलीये. आपण पट्ट्या करकचून बांधतो ना, त्याने. आणि डावीकडे चांगली बोटभर कललीये. मी मेली जुन्याच आकड्यावर हिच्यावर भर घालत बसले."

"म्हणजे इतकी वर्षं सगळ्यांचे कपडे डावीकडे कलते?"

"कोणी तक्रार नाही केली."

"सगळेच थोडे कललेले असतील."

ताईंनी वहीचं पहिलं पान उघडलं. दुसऱ्या 'मी'च्या खाली माझे आकडे लिहिले. नावाच्या जागी पेन्सिल अडली. "काय लिहू?"

"डमी लिही."

ताईंनी विचार केला आणि लिहिलं, 'ही पण'. मग दोन पावलं मागे जाऊन, एक डोळा बारीक करून मला नीट पाहिलं.

"चालेल," त्या म्हणाल्या.

मी कोण, हा प्रश्न माझा अजून सुटलेला नाही. पण आता कोणी विचारलं तर मी वहीकडे बोट दाखवीन. बोट नाही, तरी दाखवीन.

आणि मित्रांनो, जाता जाता एक विनंती. तुमच्या घरात कोणीतरी कोपऱ्यात उभं असतं, तुम्ही येता-जाता त्याच्या अंगावर तुमचं ओझं फेकता, आणि त्याचा आकडा तुम्हाला पाठ आहे असं समजता. ती वस्तू असेल, आजी असेल, धाकटी बहीण असेल. वर्षातून एकदा त्यांचं माप पुन्हा घ्या. मिठी मारून घेतलंत तर दोन्ही कामं उरकतात. स्वतःचंही घ्या, आणि जुन्या आकड्यावर काट मारू नका, त्याच्या खाली नवा लिहा. जागा असते.

फक्त माप घेताना पोट आत ओढू नका. मी ओढत नाही. मला ओढता येत नाही, हे खरं. पण येत असतं, तरी आता ओढलं नसतं.